चाळीस दिवस आणि सगळे मन

फेब्रुवारी-मार्चचा सुमार असतो. ज्वारीची कणसे भरून आलेली असतात, हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा पक्का होत आलेला असतो, कुठे काढणीही लागलेली असते. अशा दिवसांत एका बुधवारी तुमच्या गावातली किंवा शेजारच्या वस्तीवरची काही माणसे कपाळावर राखेचा पुसट क्रूस घेऊन जाताना दिसतात. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातही एखादी मुलगी त्या दिवशी अशी राख लावून येते. बाकीची मुले विचारतात, "हे काय गं?" ती सांगते, "आमचा उपास सुरू झाला." एवढ्याने मुलांचे समाधान होत नाही, आणि खरे म्हणजे आपलेही होऊ नये. शेजाऱ्याचा सण आपल्याला त्याच्या घरून आलेल्या फराळाच्या ताटावरून कळतो; पण त्याचा उपवास कशासाठी आहे हे कळायला थोडे थांबून विचारावे लागते. आज आपण ते विचारू.

ख्रिस्ती लोकांच्या या व्रताला कॅथलिक मंडळी उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत लेंट हा शब्दही रुळलेला आहे. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो.

याची तिथी कशी धरतात ते आधी पाहू. आपल्याला चंद्राचा हिशेब काही परका नाही. ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. त्याला ठरलेली तारीख नाही. २१ मार्च हा दिवस धरायचा. त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टरचा. २०२४ साली होळीची पौर्णिमा झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२५ साली हनुमान जयंतीची पौर्णिमा होऊन गेल्यावर २० एप्रिलला आला. म्हणजे आपल्या फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेचा हात धरूनच हा सण चालतो. ईस्टरपासून मागे ४६ दिवस मोजले की राखेचा बुधवार सापडतो. तुम्ही म्हणाल, व्रत चाळीस दिवसांचे आणि हे शेहेचाळीस कसे? तर मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा वार, आनंदाचा वार. त्या दिवशी उपवास नको, अशी जुनी समजूत आहे. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची मोजणी मात्र वेगळी. त्यांचे व्रत सोमवारी सुरू होते आणि त्याला तिकडे पन्नास दिवसांचे व्रत म्हणतात.

चाळीस हा आकडा बायबलमध्ये पुन्हापुन्हा येतो. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला. एलिया नावाचा संदेष्टा चाळीस दिवस चालून देवाच्या डोंगराशी पोहोचला. आणि येशूने आपले काम सुरू करण्यापूर्वी चाळीस दिवस रानात उपवास केला. त्याची आठवण म्हणून हे दिवस. इ. स. ३२५ साली नायसिया येथे ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद भरली होती. तिच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे. म्हणजे सतराशे वर्षांची ही रीत झाली. त्या काळी ज्यांना नव्याने बाप्तिस्मा घ्यायचा असे, त्यांची तयारी या दिवसांत चाले. बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्री होई. त्यांच्याबरोबर जुने लोकही उपवास धरू लागले.

आता राखेविषयी. ही राख कुठून येते? ईस्टरच्या आधीच्या रविवारी ख्रिस्ती लोक झावळ्या हातात घेऊन मिरवणूक काढतात. येशू यरुशलेम नगरात आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचे स्वागत केले, त्याची ती आठवण. त्या झावळ्या वर्षभर जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी जाळून त्यांची राख करतात. काल जयजयकारात हातात धरलेले पान आज राख होऊन कपाळावर बसते. राख लावताना धर्मगुरू माणसाला आठवण करून देतात की तू मातीचा आहेस आणि मातीतच जाणार आहेस. हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

आणि इथेच एक विलक्षण गोष्ट आहे. त्याच दिवशी कॅथलिक चर्चमध्ये जो शास्त्रपाठ वाचतात, त्यात येशू सांगतो की उपवास करशील तेव्हा तोंड सुतकी करून लोकांत हिंडू नकोस. डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे तुझा उपवास लोकांना दिसणार नाही, फक्त देवाला दिसेल. दान देशील तर दवंडी पिटू नकोस. प्रार्थना करशील तर खोलीत जा आणि दार लावून घे. बघा, कपाळाला राख लावायची आणि त्याच दिवशी तोंड धुवायला सांगणारा पाठ ऐकायचा! यात विसंगती नाही का? वरवर पाहिले तर आहे. पण ज्यांनी ही उपासना रचली त्यांनी दोन्ही गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवल्या असे मला वाटते. बाहेरची खूण लागते, कारण माणूस खुणेशिवाय विसरतो. पण ती खूण लागलीच की धोकाही सुरू होतो. लोक आपल्याकडे पाहत आहेत हे एकदा कळले की मन देवाकडून हळूच लोकांकडे वळते.

त्याच दिवशी योएल संदेष्ट्याचाही उतारा वाचतात. त्या काळी त्या देशात दुःख किंवा पश्चात्ताप दाखवायला अंगावरचे कपडे फाडण्याची रीत होती. योएलचे म्हणणे असे की कपडा फाडून काय साधणार? फाटायचे असेल तर आतले मन फाटू द्या. आणि देवाकडे परत यायचे तर अर्ध्या नव्हे, सगळ्या मनाने या. या चाळीस दिवसांचे सगळे सार या एका मागणीत आहे. प्रार्थना, उपवास आणि दान ही तीन कामे सांगितली आहेत, पण तिन्ही कामे सगळ्या मनाने व्हावीत ही अट आहे.

सगळ्या मनाने म्हणजे कसे? याची एक कथा पवित्र आठवड्यात वाचली जाते. पवित्र आठवडा म्हणजे ईस्टरच्या आधीचा शेवटचा आठवडा. बेथानी नावाच्या खेड्यात येशू जेवायला बसला होता. मरिया नावाची बाई सुगंधी तेल घेऊन आली आणि ते सगळे तिने त्याच्या पायांवर ओतले. सगळे घर वासाने भरून गेले. ते तेल कशाचे होते ठाऊक आहे? जटामांसीचे. हीच आपली जटामांसी, हिमालयात उगवणारी, वैद्याच्या बटव्यात असणारी. हिमालयातून ती पॅलेस्टाइनपर्यंत जायची, म्हणून तिथे तिला सोन्याचा भाव. त्या तेलाची किंमत तीनशे दिनार होती असे त्या कथेत म्हटले आहे, आणि एक दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सुट्टीचे वार सोडले तर जवळजवळ वर्षाची कमाई तिने एका क्षणात ओतली. थोडे हातावर घेतले आणि उरलेले झाकून ठेवले, असे केले नाही.

तिथे बसलेल्यांपैकी यहूदा म्हणाला, हे विकून गरिबांना का दिले नाही? प्रश्न रास्त वाटतो. आपल्याही मनात तोच येतो. पण कथा सांगणारा लगेच पुढे सांगतो की यहूदाला गरिबांचा कळवळा नव्हता. पैशाची थैली त्याच्याकडे होती आणि तो तिच्यातले उचलायचा. आणि येशू म्हणतो, तिला त्रास देऊ नका. गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत, त्यांचे भले तुम्ही हवे तेव्हा करू शकता. या वाक्याचा गैरफायदा पुष्कळांनी घेतला. गरीब नेहमी राहणारच, मग काय करायचे, असे म्हणून हात झटकायला ते सोयीचे वाटते. पण त्याचा अर्थ तसा नाही. तुमच्या दारात गरीब रोज उभा आहे, तेव्हा त्याला देण्याची संधी तुम्हाला रोजच आहे. दुसऱ्याच्या भक्तीकडे बोट दाखवून ती चुकवू नका, असा तो टोला आहे.

ही कथा ज्या पुस्तकांत आहे त्यांच्यातच आणखी एक विधवा आहे. देवळाच्या पेटीत श्रीमंत लोक मोठ्या रकमा टाकत होते. तिने तांब्याची दोन सर्वांत लहान नाणी टाकली. येशू म्हणाला, सगळ्यांपेक्षा तिने जास्त टाकले, कारण तिने उरलेल्यातले दिले नाही, होते तेवढे दिले. मरियाचे तेल तीनशे दिनारांचे आणि या बाईची नाणी जेमतेम पैशाची. पण दोघींचे माप एकच. किती दिले हे मोजायचे नाही, मागे किती राखून ठेवले ते पाहायचे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मराठी भाषेत या दिवसांची भक्ती आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने मराठी शिकून ओवीछंदात ख्रिस्तपुराण लिहिले आणि १६१६ साली ते गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती त्याने ओळखली. येशूच्या दुःखसहनाची कथा गोव्यात आणि पुढे मंगळूरच्या किनाऱ्यावर भाविकांनी या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती भक्तीला त्यांनी अभंग आणि कीर्तन यांचा वेष दिला. १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडून ते संन्यासी वृत्तीने राहू लागले. त्यांचे ख्रिस्तायन हे काव्य १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे शिकवली, तिने हे केले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या, त्यांना आसरा दिला आणि केडगावचे मुक्तिसदन उभे केले. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अवघे बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याच्या शेवटपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, खपत होत्या. एकीकडे भुकेल्याला भाकर आणि दुसरीकडे देवाचा शब्द. त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नाहीत.

आज वसईच्या गावांत उपवासकाळातल्या शुक्रवारी लोक क्रुसाची वाट चालतात. येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थाने. प्रत्येक स्थानापाशी थांबायचे, गुडघे टेकायचे, गायचे. १९६३ साली व्हॅटिकनच्या परिषदेने लोकभाषेला उपासनेत मोकळीक दिल्यापासून मिस्सा मराठीत होऊ लागली, त्यामुळे म्हाताऱ्या आजीलाही प्रत्येक शब्द कळतो. वेदीवर फुले नसतात, धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, आनंदाचा आलेलुया गात नाहीत. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, बाजूला ख्रिस्ती कीर्तन-भजनाची परंपरा जुनी आहे. गोव्यात गोवा वेल्हा येथे या काळातल्या पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा माणसांचे पाय धुतात. त्यात पूर्वी पुरुषच असत. २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने स्त्रियांचेही पाय धुता येतात. उत्तम शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, आणि पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात.

आता या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न. ज्याचे पोट रोजच अर्धे असते, त्याने उपवास कशाचा करायचा?

हा प्रश्न पुस्तकी नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या घर सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोपीत राहतात. त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबेही असतात. त्यांचा उपवासकाळ फडात जातो. पहाटे उठून भाकरी थापायच्या, अंधारात फडात जायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. चर्च कुठे, मिस्सा कुठे? अशा बाईने एक वेळ जेवायचे?

तर नाही. कॅथलिक नियम स्पष्ट आहे. पूर्ण उपवासाचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. त्या दिवशी एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडे काही. तोही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षांनंतर. आजारी माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, जबर अंगमेहनतीचे काम करणारा, यांना सूट आहे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी हे नियम नव्याने घालून दिले. तेव्हा त्यांनी असाही विचार मांडला की जिथे सुबत्ता आहे तिथल्या लोकांनी चैन सोडून गरिबांना द्यावे. जिथे माणसे गरिबीत आहेत तिथे त्यांनी आपले कष्टच प्रार्थना म्हणून देवापुढे ठेवावेत, आणि त्याच वेळी न्यायासाठी झटणे सोडू नये. म्हणजे त्या फडातल्या बाईची मोळी ही तिची प्रार्थना होऊ शकते. पण ती मोळी तिच्या डोक्यावर इतकी जड का, हा प्रश्न इतरांनी विसरायचा नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात या बाबतीत फार कडक शब्द आहेत. लोक देवाला विचारतात, आम्ही उपवास केला, तुझ्या का ध्यानात येत नाही? उत्तर मिळते की उपवासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना पिळता आणि आपसांत भांडता. मला हवा तो उपवास हा की जोखडाखाली अडकलेल्याला सोडवावे, भुकेल्याला आपल्यातले वाढावे, बेघराला घरात घ्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे. हे आजच्या आपल्या बोलीत सांगायचे तर असे होईल: उचल देऊन माणसाला वर्षानुवर्षे बांधून ठेवायचे आणि शुक्रवारी मटण सोडायचे, हा उपवास नव्हे. वजनात काटा मारायचा आणि रविवारी दानपेटीत नोट टाकायची, हे दान नव्हे. आणि मांस वर्ज्य म्हणून त्या दिवशी पापलेटाचे झणझणीत कालवण करून दोन घास जास्त जेवायचे, याला तर आपल्याकडे म्हणच आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी. ही म्हण कुठल्या एका धर्माची नाही, हे आपण सगळे मनात जाणतो.

म्हणून जाणती ख्रिस्ती कुटुंबे उपवासाला दानाची जोड देतात. एका वेळचे जे वाचले ते पैसे घरात वेगळे ठेवायचे आणि चाळीस दिवसांनी गरजवंताला द्यायचे. कोणी तंबाखू सोडतो, कोणी दारू सोडतो. त्या घरच्या बाईला विचारा त्या चाळीस दिवसांची किंमत. कोणी हातातला मोबाइल रात्री बाजूला ठेवून घरच्यांशी बोलतो. आणि कोणी बांधावरून दहा वर्षे अबोला धरलेल्या भावाच्या ओट्यावर जाऊन बसतो. माझ्या मते यातला शेवटचा उपवास सर्वांत कठीण. जेवण सोडता येते, पण मीच खरा होतो हा हट्ट सोडवत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. राख लावून आलेल्या मुलाला वर्गात उभे करून प्रश्न विचारू नका, ते अवघडते. चौदा वर्षांखालच्या मुलाला उपवासाचे बंधन नाही, तेव्हा मुलाने हट्टाने दुपारचा डबा किंवा शाळेतले जेवण टाळले तर आईबापांशी सावकाश बोला. आणि जमले तर सगळ्या वर्गाला सांगा की घरी विचारून या, आपल्याकडे उपवास कोणता असतो आणि त्या दिवशी दुसऱ्याला काय देतात? २०२५ साली २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली, २ मार्चला आपल्याकडे रमजानचे रोजे सुरू झाले आणि ५ मार्चला राखेचा बुधवार आला. एका आठवड्यात, एकाच गावात, तीन घरांत तीन उपवास! कोणी एकादशी सांगेल, कोणी पर्युषण सांगेल. मुलांना कळू द्या की भूक सगळ्यांना एकसारखी लागते, आणि ती देवासाठी सोसणारी माणसे प्रत्येक आळीत आहेत.

श्रोतेहो, चाळीस दिवस काही फार नाहीत. हरभरा फुलावर आल्यापासून घाटे भरेपर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात, आणि त्या दिवसांत शेतकरी काही विशेष करत नाही. पाणी देतो, राखण करतो, वाट पाहतो. मनाचेही तसेच असावे. या दिवसांत ज्यांच्या घरी हे व्रत चालू असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे की राख कपाळावरून संध्याकाळपर्यंत पुसली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मजुराच्या हातावर त्याची पुरी मजुरी ठेवताना, भावाला हाक मारताना, दार लावून एकट्याने प्रार्थनेला बसताना तुमचे मन सगळेच्या सगळे तिथे असू द्या. आणि ज्यांच्या घरी हे व्रत नाही, त्यांनी शेजाऱ्याला एकदा सहज विचारावे, "यंदा तुमचा ईस्टर कधी?" त्याला बरे वाटेल.